भोंग्यानंतरचे कुलूप

१

कुलूप जागच्या जागी लागलेले होते, आणि ते पाहून ताईने दोनदा डोळे पुसले.

रुग्णवाहिका फाटकाबाहेर पडून फार वेळ झाला नव्हता. आत निपचित पडलेला माणूस होता ताईच्या धाकट्या बहिणीचा नवरा. या धुलाई कारखान्यात तो फिटर होता. ताईच्या शब्दाने नोकरीला लागला, म्हणून सगळे त्याला जावईबापू म्हणत. दुपारी पहिल्या पाळीचा भोंगा होऊन गेल्यानंतर दोन नंबरच्या ड्रमने त्याला आतल्या आत घोळवून काढले होते, आणि त्या ड्रमचे बटण ताईने आपल्या बोटाने दाबले होते.

कारखान्यात इस्पितळांच्या चादरी धुतल्या जात. त्या वाळवणारे ड्रम चांगले खोलीएवढे, मधल्या भिंतीत आरपार बसवलेले. भिंतीच्या एका अंगाला ओली बाजू, दुसऱ्या अंगाला कोरडी. ओल्या बाजूच्या दारातून चादरी भरायच्या, दार लावायचे आणि घंटा द्यायची. घंटा ऐकली की कोरड्या बाजूला उभ्या असलेल्या ताईने बटण दाबायचे. मळक्या कपड्यांची हवाही धुतलेल्यांना लागू नये म्हणून ही भिंत घातलेली होती. पण तिच्यामुळे पलीकडे काय चालले आहे ते ताईला दिसत नसे. तिला दिसे ते फक्त मुख्य स्विचवरचे कुलूप. ड्रममध्ये शिरणाऱ्याने आधी कोरड्या बाजूला यायचे, स्विच खाली ओढायचा, त्यावर स्वतःचे लाल कुलूप लावायचे, किल्ली खिशात टाकायची आणि मगच आत पाऊल ठेवायचे, असा तिथला दंडक होता. कुलूप आहे तोवर स्विच वर जात नाही, म्हणजे ड्रम फिरत नाही. भिंतीच्या पलीकडे पाहणारे ताईचे डोळे म्हणजे ते कुलूप.

आजही बटण दाबण्यापूर्वी तिने स्विचकडे पाहिले होते. स्विच वर होता आणि कुलूप नव्हते. मग पलीकडून किंकाळी आली, वायरमन धावत येऊन स्विचला लोंबकळला, ताई बोळातून वळसा घालून ओल्या बाजूला पोहोचली आणि जावईबापूचे डोके मांडीवर घेऊन बसली. गाडी आली, गेली. ती परत आपल्या जागी आली.

आता स्विचवर जावईबापूचेच लाल कुलूप होते. घट्ट लागलेले.

मग आपण पाहिले ते काय? आपण खरोखर पाहिले तरी होते का?

२

"बसा, ताई," सुपरवायझर म्हणाले. ते आवाज कधी चढवत नसत. कामगारांना त्याचीच जास्त धास्ती वाटे. "चहा सांगू?"

"नको साहेब. मला इस्पितळात जायचंय. धाकटी एकटी आहे तिथे."

"जाल हो. फाटक मीच बंद करायला सांगितलंय. अपघात झालाय, असं कुणालाही सोडता येत नाही. मालकीणबाई निघाल्यात, मास्तरांना घेऊन येतायत. त्या आधी एवढ्या कागदावर सही करा की तुम्ही मोकळ्या."

एवढ्या कागदावर. भोंगा झाल्यावरही ते असेच म्हणाले होते, "ताई, दुसऱ्या पाळीची बाई आली नाही अजून. एवढा एक घाणा काढून जा." साहेबांचा एक घाणा म्हणजे मारुतीचे शेपूट, हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होते. तरी तिने पिशवी खांद्यावरून उतरवली होती. नाही कसे म्हणायचे, हे तिला कुणी शिकवलेच नव्हते.

कागदावर लिहिले होते: ड्रम बंद होता, स्विचला फिटरचे स्वतःचे कुलूप होते, चढताना पाय घसरून तो आतल्या पात्यावर आपटला.

"पण साहेब, ड्रम फिरला. मी बटण दाबलं. ओल्या बाजूने तुमची घंटा झाली म्हणून दाबलं."

"मी घंटा दिलीच नाही." सुपरवायझरांनी पेनाचे टोपण काढून पेन तिच्यापुढे ठेवले. "नीट विचार करा. कुलूप असताना ड्रम फिरेल कसा? फिरला नाही, म्हणजे तुमचा काही दोष नाही. आणि फिरला म्हणालात, तर फिरवला कुणी? मी तुम्हाला वाचवतोय, ताई. कळत कसं नाही?"

तिला कळत होते. फिरला म्हणावे तर बहिणीच्या नवऱ्याला चिरडणारी आपण. नाही म्हणावे तर कामावर डोळे मिटून चढणारा, स्वतःच्या हाताने स्वतःचा घात करणारा तो. आणि तो तर बोलायच्या अवस्थेत नाही. भिंतीतल्या ड्रमसारखीच खोली होती ही. दोन्ही दारे बाहेरून लावलेली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. धाकटी होती.

"ताई, आत नेलंय त्यांना. शुद्ध नाही अजून. डॉक्टर काही सांगत नाहीत. त्यांचं घड्याळ, पाकीट, बिल्ला, सगळं माझ्या ओंजळीत आणून दिलं गं. असं देतात का जिवंत माणसाचं?"

"देतात. सांभाळायला देतात. रडू नको."

"ताई, एक विचारू? इथे कुणीतरी म्हणालं, ड्रमवर तूच होतीस." धाकटीचा आवाज एकदम बारीक झाला. "तू कुलूप बघितलं होतंस ना?"

ताईने मान वर केली. समोर सुपरवायझर पेनाचे टोपण बोटांत फिरवत ऐकत होते.

"बोल ना ताई."

३

मास्तर आले ते थर्मास खांद्याला अडकवून. तंत्रनिकेतनात आयुष्यभर मुलांना यंत्रे शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ आठवड्यातून एकदा कारखान्यात चक्कर मारत. कुलपांची ही पद्धत त्यांनीच बसवलेली होती. थर्मासमध्ये नुसते गरम पाणी असे. तेही ते विचार करताना पीत, त्यामुळे किती प्यायले यावरून प्रकरण किती अवघड आहे ते लोक ओळखत.

मालकीणबाई त्यांच्यामागे होत्या. चेहरा उतरलेला, पण नजर हातगाड्यांमध्ये तुंबलेल्या ओल्या चादरींवरून हलत नव्हती.

"मास्तर, जे काही आहे ते लवकर होईल का? संध्याकाळचा माल जायचाय."

"होईल. आधी बॅटरी द्या."

ते ओल्या बाजूच्या दारापाशी गुडघ्यावर बसले आणि त्यांनी आत प्रकाश टाकला. ड्रमच्या आतल्या अंगाला कपडे उचलून खाली टाकणारी रुंद पाती होती. मास्तर तळाकडे पाहतील असे सर्वांना वाटले. त्यांनी मान वर केली आणि बराच वेळ तशीच ठेवली. मग थर्मास उघडून एक घोट घेतला.

"ताई, इकडे या. तुमची नजर चांगली आहे. ते वर काय दिसतंय?"

ती वाकली. ड्रमच्या थेट माथ्यावर, पाते आणि पत्रा यांच्या फटीत, एक चप्पल घट्ट अडकून बसली होती.

"जावईबापूंची," ती कशीबशी म्हणाली. "घरी जायची चप्पल."

"पाय घसरून पडलेल्या माणसाची चप्पल खाली पडते," मास्तर शांतपणे म्हणाले. "छताला जाऊन बसत नाही. पात्याने ती खाली चिमटीत धरली आणि वर नेली. म्हणजे ड्रम फिरला."

"बाहेर काढताना आम्हीच हाताने ढकलला असेल," सुपरवायझर पटकन म्हणाले.

"ढकलून दाखवा."

सुपरवायझरांनी हात लावला नाही. वीज गेली की ड्रमचा ब्रेक आपोआप बसतो, हे त्यांनाही माहीत होते.

ताईला क्षणभर सुटल्यासारखे वाटले. आपण वेड्या नाही, ड्रम फिरला होता! पण पुढच्याच क्षणी त्या विचाराचे दुसरे टोक तिच्या हाती आले. फिरला, म्हणजे आपणच फिरवला.

सुपरवायझरांच्याही तोंडी तेच आले. "ठीक आहे, फिरला. मग मला नाइलाजाने बोलावं लागेल. त्याने कुलूप आणलं होतं. लावायच्या आधी जरा आत डोकावला असेल. यांनी न बघता बटण दाबलं. आणि नंतर घाबरून त्याच्या हातातलं कुलूप यांनीच स्विचला अडकवलं. ड्रमपाशी दुसरं होतं कोण?"

मालकीणबाईंनी पहिल्यांदाच चादरींवरून नजर काढून ताईकडे पाहिले.

४

"त्याने कुलूप आणलं होतं, हे तुम्ही पाहिलंत?" मास्तरांनी विचारले.

"पाहायला कशाला हवं? फाटकापाशी कुलपांच्या फळ्यावर त्याच्या खिळ्याला बिल्ला लटकतोय. जाऊन बघा."

सगळे फाटकाकडे गेले. फाटक राखणाऱ्या जमादाराच्या खुर्चीच्या पाठीमागे भिंतीवर तो फळा होता, खिळ्यांच्या रांगा आणि प्रत्येक खिळ्याखाली एकेकाचा क्रमांक. घरी जाताना प्रत्येकाने आपले कुलूप उघडे करून आपल्या खिळ्याला टांगायचे. उघडे कुलूप म्हणजे माणूस सुखरूप बाहेर. कामासाठी कुलूप उचलले की रिकाम्या खिळ्यावर छातीवरचा पितळी बिल्ला लावायचा. बिल्ला म्हणजे माणूस यंत्रात आहे. कुलूप उचल, बिल्ला लाव. वर्षानुवर्षांच्या सवयीने हे हात आपोआप करत. लोक गमतीने म्हणत, जमादाराच्या मिशीला पीळ आणि खिळ्याला बिल्ला, न बघता बसतो.

जावईबापूच्या खिळ्यावर बिल्ला होता. फळ्याच्या कोपऱ्यात अंधार होता, पण पितळ चमकत होते.

"जमादार, हा बिल्ला इथे कधीपासून आहे?"

"गाडीला फाटक उघडायला उठलो, तो परत येऊन बसलो तेव्हापासून आहे, मास्तर. त्यानंतर मी जागचा हललेलो नाही."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी माझं तोंड रस्त्याकडे. पाठीला डोळे असते तर जमादारकी केली असती का? सर्कशीत गेलो नसतो!" कुणी हसले नाही, तसा तो ओशाळला. "पण एक सांगतो. भोंगा झाल्यावर जावईबापू इथवर आले होते. कपडे बदलून, भांग पाडून. बिल्ला दाखवल्याशिवाय मी कुणाला बाहेर सोडत नाही, मग तो कंपनीचा जावई का असेना. त्यांनी छातीवरचा दाखवला. एक पाय उंबऱ्याबाहेर. तेवढ्यात साहेबांची हाक आली, 'अरे, ड्रममध्ये चादर गुंतलीय, दोन मिनिटांचं काम आहे.' ते म्हणाले, 'जमादार, फाटक उघडंच ठेवा, हा आलोच.'"

"आता वायरमनना बोलवा," मास्तर म्हणाले.

वायरमन आला. केस पिकलेला, मितभाषी माणूस. हत्यारांची पिशवी त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, लहान मुलाला धरावे तशी.

"स्विच तुम्हीच खाली ओढलात?"

"हो."

"तेव्हा त्यावर कुलूप होतं?"

वायरमनने ताईकडे पाहिले, मग सुपरवायझरांकडे, मग जमिनीकडे. "गडबडीत लक्ष गेलं नाही."

"ताई घाबरून कुलूप लावताना दिसल्या?"

"ताईंचं नाव नका घेऊ!" तो एवढ्या जोराने म्हणाला की जमादार उठून उभा राहिला. "त्यांना जाऊ द्या घरी."

"तुम्हीही गेला नाहीत अजून. तुमचीही पाळी संपली की."

"फाटक बंद आहे ना," वायरमन पुटपुटला आणि पिशवी आणखी घट्ट धरली.

मास्तरांनी थर्मास उपडा केला. पाणी संपले होते.

५

"कुलूप त्याचं, किल्ली त्याची," सुपरवायझर म्हणाले. "दुसरा कोण ते लावू शकणार? तो नाही तर ताई. यात रहस्य कसलं?"

मास्तरांनी फळ्यावरून स्वतःचे कुलूप घेतले. ते उघडेच होते. त्यांनी ते अंगठ्याने दाबले. खट्‌.

"लागलं. किल्ली माझ्या घरी टेबलावर आहे. कुलूप काढायला किल्ली लागते, साहेब, लावायला लागत नाही. उघडं टांगलेलं कुलूप कुणीही नेऊन लावू शकतो. तेव्हा ते कुणाचं आहे हा प्रश्नच नाही. फळ्यावरून ते उचललं कुणी, हा आहे." ते वळले. "या खिळ्यावर बिल्ला कुणाचा?"

"त्याचाच," सुपरवायझर म्हणाले.

"वाचलात?"

"वाचायचं काय त्यात? त्याचा खिळा, त्याचा बिल्ला."

पण ताईच्या डोक्यात धाकटीचा आवाज वाजला होता. घड्याळ, पाकीट...

"त्यांचा बिल्ला धाकटीकडे आहे!" ती म्हणाली. "इस्पितळातून दिलाय तिला. मघाशी फोनवर म्हणाली. अंगावरच होता त्यांच्या."

मास्तर बाजूला सरकले. ताई पुढे झाली, तिने बिल्ला खिळ्यावरून न काढता बोटाने उजेडाकडे वळवला आणि क्रमांक वाचला. मग ती सावकाश मागे वळली.

वायरमनच्या हातांतली पिशवी खाली आली होती. त्याच्या सदऱ्यावर, जिथे बिल्ला असायचा तिथे, टाचणीची दोन भोके तेवढी होती.

"सवय हो," तो म्हणाला. "दुसऱ्याचं कुलूप चोरायला गेलो, आणि हाताने माझा बिल्ला लावून ठेवला. ध्यानात आलं तेव्हा जमादार खुर्चीत येऊन बसला होता. काढायला येता येईना, आणि बिल्ल्याशिवाय बाहेरही पडता येईना."

"का केलंस हे?" मालकीणबाईंनी विचारले.

"साहेब म्हणाले, कुलूप दिसलं नाही तर ताई तुरुंगात जाईल. लेकुरवाळी बाई आहे, तुझ्या हातात आहे, म्हणाले. मला वाटलं, मी ताईंना वाचवतोय." त्याचे डोळे भरून आले. "घंटा मी ऐकली होती, ताई. मी एक नंबरच्या मागे होतो. लांब घंटा झाली आणि मग ड्रम सुरू झाला. आणि मी स्विच ओढला तेव्हा त्याच्यावर कुलूप नव्हतं. देवाशपथ नव्हतं."

ताईने फळ्याच्या चौकटीला धरले. आपण पाहिले होते. कुलूप नव्हते, आणि आपण पाहिले होते.

सुपरवायझर आता फाटकाच्या गजांकडे पाहत होते, जणू त्यांनाच बाहेर पडायचे होते. "मी त्याला मारायला पाठवलं नव्हतं," ते हळूच म्हणाले. "फोन आला म्हणून कचेरीत गेलो. परत आलो तर दारापाशी बूट नव्हते. आत शिरणारा बूट दारात काढतो. बूट नाहीत, एक नंबरच्या घरघरीत हाकेला ओही ऐकू आली नाही. वाटलं, काम आटपून घरी गेला. चादरी ओल्या होत्या... दार लावलं, घंटा दिली."

"बूट त्याच्या कपाटात होते, तो घाईने चप्पल घालूनच चढला," मास्तर म्हणाले. "कामाचे कपडेही तिथेच, आणि त्यांच्या खिशात कुलपाची किल्ली असेल. त्याची पाळी संपली होती ना! कुलूप फळ्यावर, बूट कपाटात. भोंगा झाला की माणसाच्या साऱ्या खुणा घरी जायला निघतात, साहेब. त्यानंतर तुम्ही एकट्या माणसाला मागे ठेवून घेता, आणि तो कुणालाच दिसत नाही."

बोळातून ओल्या चादरींचा वास येत होता.

जमादाराने न सांगताच कपाट उघडून कपडे आणले. खरोखरच कामाच्या विजारीच्या खिशात छोटी किल्ली होती. मालकीणबाईंनी ती हातात घेतली. "पोलिसांना मी बोलावते. साहेब, तुम्ही इथून हलू नका. पण मास्तर, ड्रम? इस्पितळांना चादरी तर लागणारच. पोलीस बघून गेले की कुलूप काढून..."

"कुणी काढायचं?"

"किल्ली आहे की."

"दुसऱ्याचं कुलूप दुसऱ्याने काढायचं नाही. नियम तुमच्या सहीचा आहे, बाई." मास्तरांनी चष्मा पुसला. "लावलं खोटेपणाने, हे खरं. पण कुलूप ते कुलूप. ज्याचं आहे तो आपल्या पायांनी येईल आणि काढेल. तोवर दोन नंबर बंद."

मालकीणबाईंनी हातगाड्यांकडे पाहिले, मग फळ्याकडे. किल्ली त्यांनी ताईच्या तळहातावर ठेवली. "त्याला द्या," त्या म्हणाल्या. आणि सवयीने पुढचे वाक्यही आलेच. "ताई, पोलीस येईपर्यंत जरा थांबाल? तुमचा जबाब तेवढा—"

"इस्पितळात या म्हणावं त्यांना," ताई म्हणाली. "मी तिथे बसलेय. नाहीतर उद्या, पाळीत."

आपल्याच तोंडून निघालेले 'नाही' तिला नवीन होते. ती थोडी थांबली, कुणी रागावते का ते पाहायला. कुणीच रागावले नाही.

फोन वाजला तेव्हा ती फाटकाशी पोहोचली होती.

"ताई, डोळे उघडले त्यांनी!" धाकटी रडत होती आणि हसत होती. "पहिलं काय विचारलं माहितीये? 'ड्रम बंद आहे ना?' असं."

"बंद आहे म्हणावं. ते आल्याशिवाय सुरू होत नाही."

मग धाकटीने मघाचाच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी फार हळू. "ताई, तू बघितलं होतंस ना?"

जमादार फाटकाच्या कुलपाला हात घालून उभा होता. ताईने छातीवरचा बिल्ला त्याच्यापुढे धरला. त्याने तो नेहमीसारखा नुसता पाहिला नाही. क्रमांक वाचला, आणि मग फाटक सताड उघडले.

"बघितलं होतं," ताई म्हणाली, आणि बाहेर पडली.